प्रतिवादीने हुकूमनाम्याला संमती देण्याच्या वाटा: हातउसन्या रकमेच्या एका दाव्याचा अभ्यास

दिवाणी दाव्यात प्रतिवादीने वादीचे म्हणणे मान्य केले की प्रकरण संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात संमती नेमकी कशाला दिली, कोणत्या रूपात दिली आणि ती हुकूमनामा (पक्षकारांचे हक्क ठरवणारा न्यायालयाचा औपचारिक निर्णय) होण्याच्या आधी दिली की नंतर, यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये या संमतीसाठी एकच दार नाही. तीन-चार दारे आहेत आणि प्रत्येकातून बाहेर पडल्यावर लागणारा रस्ता निराळा आहे. ते दाखवण्यासाठी पुढील प्रकरण रचले आहे. त्यातील पक्षकार काल्पनिक आहेत आणि रकमा व तारखा विवेचनाच्या सोयीने ठरवल्या आहेत. कलमे, नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मात्र खरे आहेत.

दाव्याची हकीकत

वादी आणि पहिला प्रतिवादी हे एकेकाळचे सहकारी होते. ऑगस्ट 2014 मध्ये वादीने पहिल्या प्रतिवादीला घराच्या बांधकामासाठी 12,00,000 रुपये हातउसने दिले. रक्कम बँकेतून वर्ग झाली आणि त्याच दिवशी साध्या कागदावर पोच लिहून घेतली गेली. पोचेत व्याजाचा उल्लेख नव्हता. खाली पहिल्या प्रतिवादीच्या थोरल्या भावाने, म्हणजे दुसऱ्या प्रतिवादीने, ‘ही रक्कम परत करण्याची जबाबदारी माझीही राहील’ असे लिहून सही केली होती. पुढे पहिल्या प्रतिवादीने 90,000 रुपये बँकेमार्फत परत केले. आणखी 60,000 रुपये आपण रोख दिले, असे त्याचे म्हणणे होते; त्याची पावती त्याच्याकडे नव्हती आणि वादीला ते मान्य नव्हते.

जुलै 2017 मध्ये, म्हणजे उसनवारीच्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत संपण्याआधी, वादीने दोघांविरुद्ध वसुलीचा दावा दाखल केला. मुद्दल बाकी 11,10,000 रुपये आणि 1 जानेवारी 2015 पासून 30 जून 2017 पर्यंतच्या अडीच वर्षांचे दरसाल 12 टक्के दराने सरळ व्याज 3,33,000 रुपये, अशी एकूण 14,43,000 रुपयांची मागणी होती. म्हणजे पहिल्या प्रतिवादीच्या दृष्टीने 10,50,000 रुपयांबद्दल वादच नव्हता. वाद उरला होता तो रोख दिलेल्या 60,000 रुपयांचा आणि 3,33,000 रुपयांच्या व्याजाचा, म्हणजे एकंदर 3,93,000 रुपयांचा. समन्स हाती पडल्यावर तो वकिलांना पहिल्यांदा म्हणाला ते असे: “पैसे द्यायचे आहेत, नाही म्हणत नाही. पण एकदम नाहीत.”

दिवाणी न्यायालयांत येणाऱ्या असंख्य प्रतिवादींची अवस्था नेमकी हीच असते. वकिलाचे खरे कौशल्य अशा वेळी खोटा बचाव उभा करण्यात नसते. या वाक्याला कायद्याचे योग्य रूप देण्यात असते, असे माझे ठाम मत आहे.

गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे

पहिल्या प्रतिवादीला एका परिचिताने सल्ला दिला होता की, कर्ज मान्यच आहे तर न्यायालयात जाऊ नये, हुकूमनामा होऊ द्यावा आणि नंतर हप्ते मागावेत. हा सल्ला दोन कारणांनी धोकादायक होता. एक तर समन्स बजावूनही प्रतिवादी हजर राहिला नाही तर संहितेच्या आदेश 9 नियम 6 प्रमाणे (पुढचे आदेश व नियमही याच संहितेतले) दावा एकतर्फा चालतो आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली नाही तर आदेश 8 नियम 10 प्रमाणे न्यायालय निर्णय देऊ शकते. अशा वेळी न्यायालयाने डोळे मिटून दावा मंजूर करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली बलराज तनेजा प्रकरणात बजावले आहे. तरीही व्याजाचा आक्षेप घेणारे कोणी समोर नसले की तो आक्षेप बहुधा कागदावर येतच नाही. गैरहजर राहिलेल्याने 10,50,000 रुपये मान्य केले असे होत नाही; 14,43,000 रुपयांवर त्याला काही सांगायचे नव्हते, एवढेच होते.

दुसरे कारण हप्त्यांचे आहे आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा कणा तेच आहे. आदेश 20 नियम 11 चे दोन पोटनियम शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्या पोटनियमाप्रमाणे पैशाचा हुकूमनामा करतानाच, पुरेसे कारण असेल तर, रक्कम पुढे ढकलण्याचा किंवा हप्त्यांनी देण्याचा आदेश न्यायालय त्या हुकूमनाम्यात घालू शकते. मात्र निर्णयापूर्वीच्या अखेरच्या तारखेला जे पक्षकार स्वतः किंवा वकिलामार्फत हजर होते, त्यांचे ऐकून. दुसऱ्या पोटनियमाप्रमाणे हुकूमनामा झाल्यानंतर ऋणकोला हप्ते मागता येतात, पण हुकूमनामाधारकाची संमती असेल तरच. आणि मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 126 प्रमाणे तो अर्ज हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवसांत करावा लागतो. हुकूमनाम्याआधी जी गोष्ट न्यायाधीशाला पटवून देता येते, ती हुकूमनाम्यानंतर वादीच्या मर्जीवर जाते. “नंतर हप्ते मागू” म्हणणारा माणूस आपल्या हातातला हुकमाचा पत्ता न खेळताच टाकून देत असतो.

पहिली वाट: कैफियतीतील कबुली

म्हणून पहिल्या प्रतिवादीने मुदतीत कैफियत दाखल केली. तिच्यातील भाषा मुद्दाम तोलून घेतली होती. 12,00,000 रुपये मिळाल्याचे त्याने मान्य केले. 90,000 आणि 60,000 रुपये परत केल्याचे सांगून 10,50,000 रुपये देणे असल्याचे स्पष्ट लिहिले. व्याज ठरलेच नव्हते, असे निःसंदिग्ध शब्दांत नाकारले. शेवटी उत्पन्नाचा तपशील आणि घरकर्जाचे हप्ते दाखवून, मान्य रकमेबद्दल हुकूमनामा झाल्यास आदेश 20 नियम 11 प्रमाणे हप्ते द्यावेत, अशी विनंती केली.

व्याज वेगळे आणि स्पष्टपणे नाकारण्याचे कारण आदेश 8 नियम 5 मध्ये आहे. दाव्यातील जे कथन विशेषपणे किंवा आवश्यक अर्थाने नाकारले जात नाही, ते कबूल समजले जाते. “दाव्यातील बाकी मजकूर मान्य नाही” असे मोघम वाक्य कैफियतींत सर्रास असते, पण अंशतः कबुली देणाऱ्या प्रतिवादीला ते पुरत नाही. जे मान्य आहे त्याच्याभोवती कुंपण घातले नाही, तर न मान्य केलेलेही आत ओढले जाते.

कैफियत आल्यावर वादीच्या वकिलांनी आदेश 12 नियम 6 खाली अर्ज दिला. 1976 च्या दुरुस्तीने व्यापक केलेल्या या नियमाप्रमाणे पक्षकाराने कैफियतीत किंवा अन्यत्र, तोंडी किंवा लेखी, वस्तुस्थितीची कबुली दिली असेल, तर न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अर्जावरून किंवा स्वतःहून, इतर प्रश्नांच्या निर्णयाची वाट न पाहता त्या कबुलीपुरता न्यायनिर्णय देऊ शकते आणि त्याप्रमाणे हुकूमनामा निघतो. वादीने अर्जात मात्र 10,50,000 रुपयांवर न थांबता संपूर्ण 14,43,000 रुपयांची मागणी केली. आधार होता पहिल्या प्रतिवादीने 2016 मध्ये मोबाइलवर पाठवलेल्या एका संदेशाचा: “दिवाळीपर्यंत सगळं देतो, व्याजाचं काय ते बसून बोलू.”

कबुली कैफियतीबाहेरही असू शकते हे खरे आहे. उत्तमसिंग दुग्गल आणि कंपनी विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया (2000) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा हेतू सांगताना म्हटले आहे की, ज्या रकमेबद्दल वादच उरलेला नाही ती पक्षकाराला लवकर मिळावी आणि नियमाचा अर्थ अकारण आकसून घेऊ नये. पण त्याच न्यायालयाने हिमानी अलॉइज विरुद्ध टाटा स्टील (2011) मध्ये दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली: कबुली निःसंदिग्ध, जाणीवपूर्वक आणि हेतुपुरस्सर असली पाहिजे, ती देणाऱ्याचा तिने बांधले जाण्याचा इरादा दिसला पाहिजे आणि अशी कबुली असली तरी त्यावर निर्णय देणे न देणे हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. “व्याजाचं काय ते बसून बोलू” या वाक्यात व्याजाची कबुली नाही. फार तर चर्चेची तयारी आहे. त्यामुळे वादीच्या अर्जाला यश मिळण्याची शक्यता 10,50,000 रुपयांपुरतीच होती.

येथे प्रतिवादीच्या वकिलांनी त्याला एक गोष्ट समजावून सांगितली, जी अनेकदा सांगायची राहते. आदेश 12 नियम 6 खालचा अंशतः हुकूमनामा हा पूर्ण ताकदीचा हुकूमनामा असतो. बाकीच्या 3,93,000 रुपयांसाठी मुद्दे निघतील, साक्षी होतील, वर्षे जातील; पण 10,50,000 रुपयांची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, वादी लगेच दाखल करू शकेल. कबुली प्रामाणिक असली तरी ती देण्याच्या दिवशी पैशांची सोय काय आहे, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे. पैसे हाताशी असते तर आदेश 24 ची वाट अधिक चांगली ठरली असती: प्रतिवादी मान्य रक्कम न्यायालयात जमा करू शकतो आणि त्याची नोटीस वादीला मिळाल्यापासून त्या जमा रकमेवर वादीला व्याज मिळत नाही, मग ती रक्कम पूर्ण असो वा अपुरी. पहिल्या प्रतिवादीकडे त्या वेळी दोन लाखांच्या वर रोकड नव्हती.

थोरल्या भावाचा प्रश्न

दुसऱ्या प्रतिवादीने वेगळी कैफियत दिली. सही आपली आहे, पण ती साक्षीदार म्हणून केली होती, असे त्याचे म्हणणे होते. कागदावरचे शब्द पाहता हा बचाव फारसा टिकाऊ नव्हता, हे त्याच्या वकिलांनाही ठाऊक होते.

अनेक प्रतिवादींपैकी एकाचाच वादीशी मतभेद नसेल, तर आदेश 15 नियम 2 प्रमाणे त्याच्यापुरता निर्णय लगेच देऊन दावा इतरांविरुद्ध पुढे चालवता येतो. एका प्रतिवादीची कबुली दुसऱ्याला बांधत नाही, हे या नियमामागचे साधे तत्त्व. धाकट्या भावाने न्यायालयात उभे राहून “आम्हा दोघांना मान्य आहे” असे म्हटले असते, तरी त्यातला थोरल्याचा भाग निरर्थकच ठरला असता.

तडजोडीची बोलणी सुरू झाली तेव्हा मात्र थोरल्या भावाची सही वादीलाच अधिक गरजेची ठरली. भारतीय संविदा अधिनियम, 1872 च्या कलम 135 प्रमाणे धनको आणि मूळ ऋणको यांनी जामीनदाराच्या संमतीशिवाय तडजोड केली, किंवा धनकोने ऋणकोला मुदत वाढवून देण्याचे वचन दिले, तर जामीनदार जबाबदारीतून मुक्त होतो. धाकट्याला वीस हप्त्यांची सवलत द्यायची आणि थोरल्याला त्यात विचारायचेही नाही, असे झाले असते तर थोरल्याने पुढे याच कलमावर बोट ठेवले असते. म्हणून वादीच्या वकिलांनी आग्रह धरला की, दुसऱ्या प्रतिवादीने एक तर तडजोडीवर सही करावी, नाही तर त्याच्यापुरता दावा वादी सोडून देईल आणि त्याची किंमत धाकट्याने वाढीव रकमेत मोजावी. बऱ्याच ओढाताणीनंतर थोरल्याने 3,00,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंत आणि धाकट्याने कसूर केली तरच, अशी जबाबदारी पत्करली. कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, पण करारात तसे ठरले असेल तर ती कमी ठेवता येते. ही मर्यादा त्याच सवलतीतून आली.

दुसरी वाट: तडजोड पुरसीस

आदेश 12 खालच्या अर्जावर निर्णय होण्यापूर्वीच, फेब्रुवारी 2018 मध्ये, पक्षकारांनी आदेश 23 नियम 3 प्रमाणे तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचे लेखी निवेदन, दाखल केली. 1976 च्या दुरुस्तीनंतर या नियमाखालचा करार लेखी आणि पक्षकारांच्या सहीचा असावा लागतो, तसाच तो कायदेशीरही असावा लागतो. संविदा अधिनियमाप्रमाणे शून्य (मुळातच निष्प्रभ) किंवा शून्यकरणीय (एका पक्षाला रद्द करता येण्याजोगा) असलेला करार कायदेशीर समजला जात नाही, असे नियमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे.

पहिल्या मसुद्यात वादीने सुचवले होते की, पहिल्या प्रतिवादीने आपला एक बिनशेती भूखंड वादीच्या नावे करावा आणि त्या बदल्यात संपूर्ण दावा निकाली निघावा. तडजोडीत दाव्याच्या विषयाबाहेरची गोष्ट आणता येते, कारण दुरुस्त नियमात तसे स्पष्ट शब्द आहेत. म्हणून भूखंडाची कल्पना न्यायालयात टिकली असती. पण नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17(2)(6) मध्ये न्यायालयाच्या हुकूमनाम्यांना नोंदणीतून जी सूट आहे, तिला एक महत्त्वाचा अपवाद आहे: तडजोडीवर झालेला आणि दाव्याचा विषय नसलेल्या स्थावर मिळकतीसंबंधीचा हुकूमनामा या सुटीत बसत नाही. दावा पैशांचा होता, भूखंडाचा नव्हता. हुकूमनाम्याची नोंदणी आणि तिच्यासोबत येणारे मुद्रांक शुल्क टाळण्याचा हा मार्ग नव्हता, हे लक्षात आल्यावर वादीने ती मागणी सोडली. पैशाच्या दाव्यात जमीन घालून दावा ‘मिटवण्याचा’ हा मोह फार वेळा दिसतो आणि फेरफाराच्या वेळी तो पक्षकारांना महाग पडतो.

अंतिम मजकुरात पहिल्या प्रतिवादीने एकूण 12,00,000 रुपयांच्या हुकूमनाम्याला संमती दिली. त्यांपैकी 2,00,000 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट पुरसीशीसोबत द्यायचा आणि 10,00,000 रुपये मार्च 2018 पासून दरमहा 50,000 रुपयांच्या 20 हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपर्यंत वादीच्या बँक खात्यात भरायचे होते. वादीने उरलेल्या 2,43,000 रुपयांवरचा हक्क सोडला. रोख दिलेल्या 60,000 रुपयांचा वाद कोणाच्याही बाजूने न ठरवता याच आकड्यात विरून गेला. तडजोडीचे एक मोठेपण यात आहे: पुराव्याने कधीच न सुटणारा प्रश्न ती सोडवत बसत नाही.

खरी लढाई कसुरीच्या कलमावर झाली. वादीचा मसुदा असा होता की, एक जरी हप्ता चुकला तरी पहिल्या प्रतिवादीने 14,43,000 रुपये, दरसाल 12 टक्के व्याजासह, द्यावेत. प्रतिवादीच्या वकिलांचा आक्षेप होता की, देणे 12,00,000 ठरवायचे आणि कसुरीबद्दल त्याहून 2,43,000 अधिक वसूल करायचे, ही शास्ती, म्हणजे दंड, आहे आणि संविदा अधिनियमाच्या कलम 74 च्या कसोटीला ती उतरणार नाही. हाच मजकूर उलट बाजूने लिहिला असता तर आक्षेप दुबळा झाला असता. म्हणजे, प्रतिवादीला 14,43,000 रुपयांचा हुकूमनामा मान्य आहे आणि त्याने हप्ते वेळेवर भरले तर वादी 12,00,000 रुपयांत पूर्ण फेड समजेल, असे लिहिले तर तीच रक्कम शास्ती न राहता वेळेवर फेडण्याबद्दलची सवलत होते आणि सवलतीची अट मोडली तर सवलत जाते, हे न्यायालये मान्य करत आली आहेत. म्हणून पुरसीशीवर सही करणाऱ्या प्रतिवादीने एकूण आकड्याबरोबरच वाक्य कोणत्या रकमेपासून सुरू होते, हे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. शेवटी ठरले ते असे: लागोपाठ दोन हप्ते चुकले तर 12,00,000 पैकी राहिलेली सर्व रक्कम एकदम देय होईल आणि तिच्यावर कसुरीच्या तारखेपासून दरसाल 6 टक्के व्याज लागेल. व्याजाचा उल्लेख स्पष्ट ठेवण्याला कारण होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34(2) प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यात पुढील व्याजाबद्दल मौन असेल तर न्यायालयाने ते नाकारले असे समजले जाते.

लोकअदालतीत जाण्याचा पर्यायही चर्चेत आला होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा समजला जातो, त्यावर अपील नसते आणि वादीला न्यायालय शुल्क परत मिळते. पुढची लोकअदालत दोन महिन्यांवर होती आणि वादीला ड्राफ्ट आत्ताच हवा होता, म्हणून तो पर्याय मागे पडला.

पुरसीशीच्या दिवशी

तिन्ही पक्षकार न्यायालयात स्वतः हजर राहिले. न्यायाधीशांनी प्रत्येकाला मजकूर वाचला का, समजला का, कोणाच्या दबावाखाली सही केली का, असे विचारले. उत्तरे रोजनाम्यात आणि पुरसीशीवरील पडताळणीत नोंदली गेली, पुरसीशीला निशाणी क्रमांक पडला आणि तिच्याप्रमाणे हुकूमनामा तयार करण्याचा आदेश झाला. या सगळ्याला दहा मिनिटेही लागली नसतील.

वकिलाने पक्षकाराच्या वतीने सही केली तर चालते का, हा प्रश्न वारंवार येतो. बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या निवाड्याने अधिकार असलेल्या वकिलाची सही ग्राह्य मानली आहे. पण 2015 च्या हिमालयन को-ऑप. ग्रुप हाउसिंग सोसायटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाने पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याच्या हक्कांवर परिणाम करणारी सवलत देऊ नये, असे म्हटले आहे. थोरल्या भावाच्या वकिलांनी वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार असूनही त्याला स्वतः बोलावले आणि त्याच्याकडून 3,00,000 हा आकडा अक्षरांत लिहून घेतला. ही खबरदारी अनावश्यक वाटेल, पण संमतीने झालेला हुकूमनामा मोडणे किती अवघड आहे हे पाहिले की तिचे मोल कळते.

संहितेच्या कलम 96(3) प्रमाणे पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. आदेश 23 नियम 3-अ प्रमाणे तडजोड बेकायदेशीर होती या कारणावर स्वतंत्र दावाही आणता येत नाही. तडजोड झालीच नव्हती किंवा ती कायदेशीर नव्हती, असे म्हणणाऱ्याला ज्या न्यायालयाने ती नोंदवली त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या बनवारीलाल आणि 2006 च्या पुष्पादेवी भगत या निवाड्यांत स्पष्ट केले आहे. एकतर्फा हुकूमनामा पुरेशा कारणावरून आदेश 9 नियम 13 खाली रद्द करून घेता येतो. संमती देणाऱ्याला त्या मोकळेपणाने परत फिरता येत नाही. थोरल्याची सही फक्त वकिलाने केली असती आणि पुढे त्याने “मला विचारले नव्हते” असे म्हटले असते, तर त्या एका अर्जाभोवती पुन्हा साक्षीपुरावे झाले असते.

हुकूमनाम्यानंतर

पहिले सात हप्ते वेळेवर बँकेत गेले. ड्राफ्टसह 5,50,000 रुपये फिटले होते. आठवा हप्ता, ऑक्टोबर 2018 चा, पहिल्या प्रतिवादीने वादीच्या घरी जाऊन रोख दिला. जुने संबंध सुधारले होते, त्यामुळे पावती मागायला त्याला संकोच वाटला. निघाल्यावर त्याने मोबाइलवर “ऑक्टोबरचे पन्नास दिले” असा संदेश पाठवला आणि वादीचे उत्तर आले: “मिळाले.” नोव्हेंबरचा हप्ता आजारपणामुळे चुकला. 12 नोव्हेंबरला वादीने दरखास्त दाखल केली: ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे लागोपाठ दोन हप्ते चुकले, म्हणून 6,50,000 रुपये एकदम द्यावेत आणि 3,00,000 रुपयांपुरती वसुली थोरल्याकडूनही व्हावी.

आदेश 21 नियम 1 मध्ये हुकूमनाम्याची रक्कम देण्याच्या रीती सांगितल्या आहेत: न्यायालयात जमा करणे, किंवा न्यायालयाबाहेर मनिऑर्डरने, बँकेमार्फत अथवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीने देणे. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम नियम 2 प्रमाणे न्यायालयात नोंदवून घ्यावी लागते. हुकूमनामाधारकाने ते केले नाही तर ऋणकोने अर्ज करायचा, तोही मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 125 प्रमाणे 30 दिवसांत. नोंद नसलेली फेड अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही. हा नियम कठोर वाटतो आणि ज्याने खरोखर पैसे दिले आहेत त्याच्यासाठी तो खरोखरच कठोर आहे. तो माहीत नसल्यामुळे कित्येकांना एकच रक्कम दोनदा द्यावी लागते. शिवाय आयकर कायद्यात उसनी रक्कम 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास रोखीने परत करण्याला जी मनाई आहे, तिचाही विचार प्रतिवादीने केला नव्हता.

सुदैवाने पहिल्या प्रतिवादीच्या वकिलांना हा प्रकार दरखास्तीची नोटीस येण्याआधीच, त्याने सहज बोलता बोलता सांगितल्यामुळे, कळला होता. रोख रक्कम दिल्यापासून 22 व्या दिवशी त्यांनी फेड नोंदवण्याचा अर्ज दिला आणि दोन्ही संदेशांच्या छापील प्रती, साक्षीपुराव्याच्या कायद्याप्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्रासह, जोडल्या. आदेश 21 नियम 2(2-अ) प्रमाणे ऋणकोच्या सांगण्यावरून फेड नोंदवायची तर ती नियम 1 मधील रीतीने झालेली असावी, किंवा कागदोपत्री पुराव्याने सिद्ध व्हावी, किंवा हुकूमनामाधारकाने मान्य करावी लागते. न्यायालयात विचारल्यावर वादीने “मिळाले” हा संदेश आपलाच असल्याचे मान्य केले. तो जुन्या वैयक्तिक देण्याबद्दल होता, असे त्याचे म्हणणे होते, पण “ऑक्टोबरचे पन्नास” या शब्दांपुढे ते टिकले नाही.

ऑक्टोबरचा हप्ता भरल्याची नोंद झाली. त्यामुळे चुकलेला हप्ता एकच उरला, कसुरीचे कलम लागू झाले नाही आणि थोरल्या भावावरची वसुलीही त्या टप्प्यावर गळून पडली. नोव्हेंबर व डिसेंबरचे मिळून 1,00,000 रुपये पहिल्या प्रतिवादीने न्यायालयात जमा केले आणि पुढचा प्रत्येक हप्ता बँकेतून गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये विसावा हप्ता पोहोचल्यावर वादीने पूर्ण फेडीची पुरसीस दिली. हुकूमनाम्याची पूर्तता झाल्याची नोंद न्यायालयाने घेतली, आणि 2014 च्या पोचेचा तो मूळ कागद, थोरल्या भावाच्या त्या एका ओळीसकट, अर्ज केल्यावर दप्तरातून पक्षकाराला परत मिळाला.